बिस्तारै, काका, बिस्तारै!

रविवारी सकाळी सहाच्या सुमारास गोरेगावच्या आरे चेकनाक्यावरून आत शिरलं की मुंबईकरांचे नाना प्रकार बघायला मिळतात. धावणारे, धावल्यासारखं करणारे, सायकलवाले, कुत्र्यांना बिस्किटं घालणारे आणि वडापावपर्यंत चालत जाऊन रिक्षाने परतणारे. गेल्या काही वर्षांत त्यांत एका नव्या जमातीची भर पडली आहे. पाठीवर साठ लिटरची सॅक, दोन्ही हातांत काठ्या, पायांत हिमनदीवर चालतील असे बूट आणि मे महिन्याच्या उकाड्यात निथळणारं अंग. एवढा सरंजाम घेऊन हे गृहस्थ निघालेत कुठे? तूर्तास छोटा काश्मीरपर्यंत. पुढच्या हंगामात एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला.

ज्यांच्यावर हा लेख बेतलाय ते काका बँकेतून निवृत्त झालेले, अठ्ठावन्न वर्षं मुंबईच्या उपनगरात काढलेले. त्यांच्या सॅकमध्ये दहा किलो कोलम तांदूळ असतो, कारण वजनाची सवय व्हायला हवी. अडचण एवढीच, की घरात रोज भात होतो. त्यामुळे महिनाअखेरीस सॅक सहा किलोंवर येते आणि आपला दम वाढला अशी काकांची समजूत होते. काकूंना खरं कारण माहीत आहे, पण त्या बोलत नाहीत. संसाराचंही अ‍ॅक्लमटायझेशन असतं, हळूहळू जुळवून घेणं.

तसं पाहिलं तर आरे कॉलनी हे जुळवून घेण्याचंच गाव. १९४९ साली दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ही दूध वसाहत उभी राहिली, ती शहरातल्या दाटीवाटीतल्या तबेल्यांमधल्या म्हशी बाहेर काढण्यासाठी. खुरोडींना पुढे १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशींना काही मिळालं नाही, पण त्या नव्या जागी रुळल्या आणि दूध देत राहिल्या. त्याआधीपासून इथे राहणारे वारली, कोकणा, मल्हार कोळी पाड्यांवर होते, आजही आहेत. नंतर चित्रनगरी आली, मेट्रोची कारशेड आली, सकाळी फिरणारे आले. बिबट्या आधीपासून होताच. सगळ्यांनी एकमेकांशी जमवून घेतलं. तळं आणि बाग असलेल्या एका कोपऱ्याला तर लोकांनी ‘छोटा काश्मीर’ असं नावच देऊन टाकलं. समुद्रसपाटीला चिकटून असलेलं दुसरं काश्मीर जगात सापडायचं नाही.

काकांची खरी अडचण इथेच आहे. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे आख्खा महाराष्ट्र पालथा घातला, सगळे किल्ले दोनदा चढले, तरी विरळ हवेचा एक श्वासही मराठी माणसाला घरबसल्या मिळत नाही. पाय तयार होतात, फुप्फुसं अडाणीच राहतात.

त्यात सह्याद्रीने आपल्याला एक वाईट खोड लावली आहे. रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायची, पहाटे बारी गावात चहा घ्यायचा, शिड्या चढून कळसूबाईचं दर्शन घ्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन वरणभात. जो आधी माथ्यावर पोचला तो शूर. हिमालयात हाच शूर सगळ्यात आधी आडवा होतो. उंचीवरचा त्रास तब्येत बघून येत नाही. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही तो होतो, उलट दमदार माणूस भराभर चढतो म्हणून त्याला जास्तच छळतो. म्हणून तिथले शेर्पा दिवसातून शंभर वेळा एकच नेपाळी शब्द म्हणतात : बिस्तारै. हळूहळू. मुंबईत हा शब्द फक्त रिक्षावाल्याला खड्डा आल्यावर ऐकवला जातो.

तर काकांनी जिन्यांचा सराव सुरू केला. त्यांच्या सोसायटीशेजारी वीस मजली टॉवर आहे. लुक्ला २८६० मीटरवर आणि बेस कॅम्प ५३६४ मीटरवर. काकांनी बँकेतल्या जुन्या सवयीने हिशेब मांडला. फरक अडीच हजार मीटर, म्हणजे टॉवर चाळीस-बेचाळीस वेळा चढायला हवा. पहिल्या दिवशी ते सॅक घेऊन तीनदा वर-खाली झाले. चौथ्या वेळी वॉचमनने हळहळून विचारलं, “काका, लिफ्ट बंद आहे का?” संध्याकाळपर्यंत टॉवरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिफ्टच्या देखभाल करारावरून भांडण पेटलं होतं.

आता मूळ प्रश्न. वर नेमकं होतं काय? पुष्कळांना वाटतं, उंचावर हवेतला प्राणवायू संपतो. संपत नाही. मुंबईतही तो २१ टक्के आणि एव्हरेस्टवरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. सकाळची सव्वाआठची विरार आणि रविवार दुपारची विरार, गाडी तीच, डबे तेवढेच, पण माणसं? समुद्रसपाटीची हवा ही सव्वाआठची गाडी. बेस कॅम्पवर दाब निम्म्यावर येतो, म्हणजे प्रत्येक श्वासात निम्मेच प्रवासी चढतात. ८८४८.८६ मीटरच्या शिखरावर तर जेमतेम एक तृतीयांश.

शरीर यावर पहिला उपाय करतं तो श्वास वाढवण्याचा. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होतं. ते पूर्वपदावर आणायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकायला लागतात. याचा व्यावहारिक अर्थ असा, की उणे पंधरा तापमानात, रात्री दोन वाजता, तिसऱ्यांदा उठावं लागतं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घेतली तर हीच प्रक्रिया लवकर होते. म्हणजे चौथ्यांदा.

दुसरा उपाय तांबड्या पेशी वाढवण्याचा, आणि त्याचा कारभार मंत्रालयासारखा चालतो. मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिनचा आदेश काही तासांतच निघतो. तो हाडांतल्या मगजाकडे जातो. तिथून नव्या पेशी खऱ्या अर्थाने कामावर रुजू होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. मधल्या काळात तपासणीत हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं, पण ते रक्तातलं पाणी कमी झाल्यामुळे. काम झालेलं नाही, आकडा मात्र सुधारला. काकांना हे बँकेतल्या मार्चअखेरीवरून लगेच समजलं.

या मधल्या काळासाठी गिर्यारोहकांचा एक नियम आहे : उंच चढा, खाली झोपा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचाच नाही. बेस कॅम्पच्या वाटेवर नामचे बाजारला, ३४४० मीटरवर, दोन रात्री काढतात. मधल्या दिवशी चारशे-साडेचारशे मीटर वर चढून, चहा पिऊन, पुन्हा खाली नामचेत झोपायचं. काकांना हे पटेना. पैसे भरून चढलेलं उतरायचं कशाला? त्यात लुक्लाहून निघाल्यावर पहिल्याच दिवशी वाट खाली उतरते, फाकडिंगला, २६१० मीटरवर. हा तर सरळ तोटा.

शेवटी ट्रेकच्या वाटेवर त्यांना समजावलं ते सोबतच्या नालासोपाऱ्याच्या मुलाने. “काका, तुम्ही अंधेरीला नोकरीला असताना संध्याकाळी बसायला जागा कशी मिळवायचात?”

“कशी म्हणजे? उलटं चर्चगेटपर्यंत जायचं, तीच गाडी पकडून बसून परत यायचं. रिटर्न मारायचो.”

“मग? हे तेच आहे.”

काका गप्प झाले आणि चालायला लागले. एव्हरेस्ट चढणारे तर या रिटर्नचे महिना-महिना पासधारक असतात. बेस कॅम्पहून खुंबूच्या हिमप्रपातातून, अ‍ॅल्युमिनियमच्या शिड्या ओलांडत, कॅम्प एकला जायचं, साधारण सहा हजार मीटरवर. तिथे रात्र काढून परत. मग कॅम्प दोन, सुमारे ६४०० मीटर. परत. मग ७२०० मीटरच्या आसपास कॅम्प तीनला हात लावून पुन्हा खाली. याला ते रोटेशन म्हणतात. अखेरच्या चढाईआधी कित्येक जण बेस कॅम्पही सोडून खालच्या गावात जातात, का, तर जाड हवा खायला. जाड हवा! मुंबईत ती फुकट मिळते, धुरासकट.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही हेच होतं. जॉन हंट यांच्या तुकडीने मार्चअखेरीपासून जवळजवळ तीन आठवडे थ्यांगबोचेच्या परिसरात नुसतं चढून-उतरून रक्त तयार केलं आणि मग नऊ कॅम्पांची शिडी लावली. नवव्या कॅम्पातल्या, ८५०० मीटरवरच्या रात्री हिलरींनी बूट बाहेर ठेवले आणि सकाळी ते दगड झाले. जगाच्या माथ्यावर जायचा दिवस उजाडला आणि स्टोव्हवर बूट शेकण्यात दोन तास गेले. आता गिर्यारोहक बुटांचे आतले मोजे, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, पाण्याची बाटली आणि सनस्क्रीनची ट्यूब असं सगळं बिऱ्हाड स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात. उरलेल्या जागेत स्वतः.

आणि इथे मुंबईकराची सरशी आहे. दोन माणसांच्या तंबूत दोन माणसं आणि त्यांचं सामान म्हणजे चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीपुढे चैनच. कुणाची कोपरं कुणाला लागणार, उशाशी काय, पायथ्याशी काय, रात्री उठताना कुणाला न तुडवता दार कसं गाठायचं, हे शिक्षण त्याला लहानपणीच मिळालेलं असतं. पाणी भरणं तर अंगवळणीच. वरच्या कॅम्पांवर पाणी म्हणजे बर्फ वितळवायचा, आणि माणशी चार-पाच लिटर प्यायचं तर गॅस तासन्‌तास जळतो. कुणीतरी पातेल्याजवळ बसून राहावं लागतं. टँकरची वाट पाहिलेल्याला हे नवं नाही.

तंबूतली पहाट मात्र नवी असते. रात्रभरचे श्वास तंबूच्या आतल्या कापडावर गोठून त्यांचा पांढरा थर बसलेला असतो. सकाळी कुणी नुसती कूस बदलली तरी तो बर्फ मानेवर भुरभुरतो. म्हणजे काल रात्री सोडलेला श्वास सकाळी कॉलरमधून आत येतो. नऊ वाजता ऊन पडलं की त्याच तंबूत घामाच्या धारा. बेस कॅम्प हिमनदीवर असल्याने खालचा बर्फ रात्री कुरकुरतो, कधी बंदुकीसारखा फटकन तडकतो. भोवतीचा बर्फ वितळतो, तंबूखालचा सावलीतला राहतो, आणि दोन-तीन आठवड्यांत तंबू चौथऱ्यावर चढून बसतो. मग सगळा पसारा काढून जागा सपाट करायची आणि बिऱ्हाड परत लावायचं. पागडीच्या घरातसुद्धा इतक्या वेळा शिफ्टिंग होत नाही.

झोपेत आणखी एक गंमत होते. उंचीवर श्वासाची लय बिघडते. चार-सहा खोल श्वास, मग एकदम शांतता. पाच सेकंद, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. मग दचकून पुन्हा मोठा श्वास. याला चेन-स्टोक्स म्हणतात, आणि बहुतेकदा ते निरुपद्रवी असतं. ज्याला होतं तो झोपलेला असतो. जागा असतो तो शेजारचा, सेकंद मोजत. घरी काकांच्या घोरण्याला तीस वर्षं नावं ठेवली गेली. डिंगबोचेत, ४४१० मीटरवर, लाकडी फळीपलीकडच्या मुलाने मात्र सकाळी सांगितलं, “काका, तुमचं घोरणं थांबलं की माझी झोप उडायची.” इतकं कौतुक त्यांना सासुरवाडीलाही मिळालं नव्हतं.

स्वयंपाकाची तऱ्हा वेगळी. बेस कॅम्पला पाणी ८२-८३ अंशांनाच उकळतं. खळाखळा उकळणाऱ्या पाण्यात डाळ तासभर पोहत राहते आणि डाळच राहते. म्हणून किचन टेंटमध्ये सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे प्रेशर कुकर. त्या बर्फाळ रानात पहिली शिट्टी झाली की मराठी माणसाचा जीव भांड्यात पडतो. भूक मात्र मेलेली असते. घरून आणलेले चकली, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी हेच काय ते घशाखाली उतरतं.

आता या सगळ्यातला सर्वांत मोठा मराठी धोका. उंचीच्या आजाराची लक्षणं अशी : डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, गरगरणं, थकवा. ही यादी कुठल्याही मराठी माणसाला वाचून दाखवा. तो क्षणात निदान करील : पित्त! उपाशी राहिलं, पित्त. उन्हात फिरलं, पित्त. जागरण झालं, पित्त. काकाही लोबुचेला, ४९४० मीटरवर, कपाळ धरून बसले आणि म्हणाले, “काही नाही, जरा पित्त झालंय.” खिशातून आवळासुपारीची डबी निघाली.

गाइडने डबी बाजूला ठेवली. डॉक्टरांचा नियम सरळ आहे : उंचीवर काहीही बिघडलं तरी दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरायचं. त्रास असेल तर वर जायचं नाही, वाढला तर थेट खाली. कारण दुर्लक्ष झालं तर पाणी फुप्फुसात भरतं किंवा मेंदूला सूज येते, आणि तिथे आवळासुपारीचा उपयोग नसतो. ऑक्सिमीटरने काकांचा आकडा दाखवला ८१. २०२० साली करोनात ९४ च्या खाली आकडा गेला की आख्खी बिल्डिंग हादरायची. इथे ८१ बघून गाइड म्हणाला, ठीक आहे. एक दिवस मुक्काम झाला, डोकं उतरलं, मग पुढे. काकांनी घरी फोन करून तो आकडा सांगितला नाही.

फोन लागतो हेही खरं. २०१० मध्ये गोरक्षेपला थ्रीजी पोचलं, तेव्हापासून हिमालयातल्या एकांताचा शेवट झाला. “जेवलास का?” हा प्रश्न आता पाच हजार मीटरवरही गाठतो.

ही घाई न करण्याची कला महाराष्ट्राला जमते, याचे पुरावे आहेत. १८ मे १९९८ ला पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोचले. २००९ मध्ये कृष्णा पाटील एकोणिसाव्या वर्षी. २०१२ च्या मे महिन्यात उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालच्या गिरिप्रेमीच्या मोहिमेत आठ जण शिखरावर गेले, आणि १५ मे २०१९ ला याच संस्थेचे दहा जण कांचनजंगावर. सातारची प्रियांका मोहिते २०२२ मध्ये आठ हजारी शिखरांपैकी पाचवं चढली. आणि २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच मुलं ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टवर उभी राहिली. त्या महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. घरचं तापमान आणि शिखरावरचं तापमान यांत साठ-सत्तर अंशांचा फरक, आणि तोही त्यांनी थोडा थोडा करून पचवला : आधी दार्जिलिंग, मग लडाख, मग एव्हरेस्ट.

याच्या उलटही एक किस्सा घडला. २०१६ मध्ये पुणे पोलिसांतल्या एका जोडप्याने एव्हरेस्ट सर केल्याचं जाहीर केलं. पत्रकार परिषद झाली, हार झाले. पण पुण्यातल्याच गिर्यारोहकांना फोटोंतले कपडे-बूट आणि तारखांचा मेळ बसेना. शरीराला लागणारे दिवस त्यांच्या कॅलेंडरमध्ये मावत नव्हते. फोटो दुसऱ्याच गिर्यारोहकाचे निघाले. नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढच्या वर्षी नोकरीही गेली. फोटोशॉपमध्ये चेहरा बदलता येतो. तांबड्या पेशींना आपला वेळ लागतोच.

काका बेस कॅम्पला पोचले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. रंगीबेरंगी तंबूंकडे त्यांनी पंधरा मिनिटं पाहिलं. ट्रेकिंगवाल्यांना तिथे मुक्काम नसतो, परत खाली गोरक्षेपला यावं लागतं. महिनाभर तिथे राहिलेला, नाक सोलवटलेला एक गिर्यारोहक तंबूबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून खोकत होता. त्याच्या हातात पत्त्यांचा जोड होता. काकांनी मोठ्या आदराने विचारलं, “आज काय कार्यक्रम?” तो म्हणाला, “वाट बघणं.”

घरी परतल्यावर काकांच्या अंगात नव्या तांबड्या पेशींचा माज होता. तो काही आठवड्यांत ओसरतो, मुंबईची हवा तेवढी मुभा देत नाही. पण तोवर त्यांची चाल मात्र बदलली होती. गोरेगाव स्टेशनच्या पुलावर ते एक पाऊल, एक श्वास, एक पाऊल, एक श्वास असे चढायला लागले आणि मागे आख्खी चर्चगेट स्लो तुंबली. “ओ काका, चला ना पुढे!” काका न वळता म्हणाले, “बिस्तारै.” मागच्याने त्यांना हळूच बाजूला केलं.

त्या रविवारी ते सवयीने पुन्हा सॅक पाठीला लावून टॉवरच्या जिन्याकडे वळले. पहिली पायरी चढणार तोच वॉचमन धावत आला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“काका, चढू नका! तुम्ही गावाला गेला होतात ना, तेवढ्यात लिफ्ट झाली चालू.”